चिनार टिपायचा तर कुठल्या उजेडात?

दिवाळीच्या सुट्टीला जोडून काश्मीर गाठणाऱ्या मंडळींचा फोटोंचा बेत बहुधा ठरलेला असतो. पहाटे उठून ‘गोल्डन अवर’, म्हणजे सूर्य क्षितिजालगत असतानाचा केशरी उजेड, पकडायचा, संध्याकाळी पुन्हा तोच, आणि मधल्या वेळात गुलमर्ग नाहीतर खरेदी. किल्ल्यांना आणि समुद्रकिनाऱ्यांना हा बेत लागू पडतो. पानगळीला तो निम्माच लागू पडतो. चिनाराचं पान सगळ्यांत खुलून दिसतं ते साधारण नऊ ते अकरा या वेळात, म्हणजे लोक हॉटेलात परोठ्यांवर असतात तेव्हा. नाहीतर मग आभाळ भरून आल्यावर, म्हणजे लोक हिरमुसून कॅमेरा बॅगेत टाकतात तेव्हा.

आधी सूर्याचा हिशेब. चिनारावर रंग चढायला लागतो ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तो भरात असतो. १ नोव्हेंबरच्या आसपास श्रीनगरात सूर्य पावणेसातनंतर उगवतो आणि साडेपाच वाजून गेल्यावर मावळतो. सव्वाबाराच्या सुमारास तो सर्वांत वर येतो, तेव्हाही क्षितिजापासून जेमतेम ४१-४२ अंश. त्याच दिवशी पुण्यात तो ५७ अंशांवर असतो. त्यामुळे ‘अकरा ते तीन कॅमेरा बंद’ हा आपल्याकडचा नियम तिथे जसाच्या तसा नेऊ नये. काश्मीरमधल्या नोव्हेंबरच्या भर दुपारीही माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा लांब पडते.

मागून येणारं ऊन

चिनाराचं पान तळहाताएवढं, कधी त्याहून मोठं, पाच-सात टोकांचं. ऊन त्याच्यावर समोरून, म्हणजे आपल्या पाठीमागून, पडलं की बराच उजेड वरच्या वर परततो आणि पानाचा मूळ रंग पांढुरक्या चकाकीखाली दबतो. तेच ऊन पानामागून आलं की ते पानातून गाळून आपल्यापर्यंत पोचतं, आणि आतल्या रंगद्रव्यातून जे निसटेल तेवढंच दिसतं. म्हणून रंग दाट आणि निखळ येतो. एखादी खालची फांदी धरून नीट पाहा: शिरांलगत रेंगाळलेला हिरवा, मधे हळदीसारखा पिवळा, कडेला विटकरी, आणि टोकं करपलेली. समोरच्या उन्हात या सगळ्याचा मिळून एक मातकट तपकिरी होतो. मागच्या उन्हात प्रत्येक शीर वेगळी मोजता येते.

याला माझ्या मते सर्वांत सोयीची जागा म्हणजे नसीम बाग. दल सरोवराच्या पश्चिम काठाला, हजरतबल दर्ग्याजवळ, काश्मीर विद्यापीठाच्या आवारात. मुघल काळात लावलेल्या चिनारांची ही बाग आहे. कारंजी, पायऱ्या असलं काही इथे फारसं नाही; झाडं आणि पाचोळा, बस. या दिवसांत सकाळचा सूर्य आग्नेयेला असतो, म्हणून झाडांच्या वायव्येला उभं राहून आग्नेयेकडे तोंड करायचं. साडेनऊला सूर्य साधारण २८ अंशांवर असतो. फांद्यांखालून आत शिरेल इतका तो तिरका असतो, पण सगळ्यालाच केशरी करून टाकेल इतका खाली नसतो. दुपारी तीनच्या सुमाराला पुन्हा तीच उंची मिळते, फक्त बाजू बदलून नैर्ऋत्येची होते.

मागून ऊन घेताना खरा प्रश्न पानाचा नसतो, पानापलीकडे काय आहे याचा असतो. मागे पांढरं आभाळ असेल तर उजळलेलं पानही फिकं पडतं. मागे सावलीतला बुंधा किंवा डोंगराची काळोखी बाजू असेल तर तेच पान पेटल्यासारखं दिसतं. दोन पावलं डावीकडे-उजवीकडे सरकून ही काळी पार्श्वभूमी शोधणं हे निम्मं काम. ७०-२०० सारखी झूम लेन्स इथे कामी येते, कारण तिला पार्श्वभूमीचा लहानसा तुकडाच लागतो. रुंद लेन्सने काढायचं तर सूर्य बुंध्याआड अर्धा लपवा, एफ/१६ (म्हणजे लेन्सचं छिद्र लहान) ठेवा, आणि लेन्सची काच आधी पुसा. एरवी न दिसणारा बोटाचा ठसासुद्धा सूर्यासमोर धुरकट डाग होऊन उमटतो.

एक्स्पोजरचं, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा याचं, म्हणाल तर इथे लाल रंग दगा देतो. कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) सगळं ठीक असल्याचं सांगतो आणि घरी येऊन पाहावं तर लाल चॅनेल (फोटोतला लाल रंगाचा भाग) उडालेला; पानाच्या जागी शिरा नसलेला सपाट भडक ठिपका. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप खाली ठेवा (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). बुंधे काळे पडले तर पडू द्या.

धुराचंही सांगायला हवं. काश्मिरात पडलेली पानं गोळा करून, जाळून, त्यांचा कोळसा कांगडीसाठी (ऊब घ्यायच्या छोट्या शेगडीसाठी) साठवण्याची रीत आहे. कुठे ढीग धुमसत असेल तर नाकाडोळ्यांना त्रास होतो, पण मागून येणाऱ्या उन्हात त्या धुरातून कवडसे स्पष्ट उतरताना दिसतात. ढगाळ दिवशी हाच धूर नुसता फोटो मळवतो.

मळभ

मागच्या उन्हाशी टक्कर देऊ शकेल असा एकच उजेड आहे, आणि तो म्हणजे ढगाळ दिवसाचा. दोघांची कामं मात्र वेगळी. मागचं ऊन एक फांदी, एक झाड, एक कोपरा देतं. उरलेला सगळा पसारा काळोखात जातो. मळभात सगळा पसाराच मिळतो: बुंध्याच्या सोलवटलेल्या सालीवरचे राखाडी-पांढरे चट्टे, जमिनीवरचा पाचोळा, त्यातून गेलेली वाट, मागची झाडं. उजेड आणि सावली यांत फार अंतर नसल्यामुळे कॅमेऱ्याला दोन्ही एकाच फोटोत झेपतात. पिवळ्यापासून गंजलेल्या तांबड्यापर्यंतच्या छटा शेजारी-शेजारी ठेवून पाहायच्या असतील तर मळभाला पर्याय नाही.

पथ्य एकच, आणि ते पाळलं नाही तर फोटो वाया: आभाळ फ्रेममध्ये येऊ देऊ नका. पांढरं आभाळ फांद्यांमधून जिथे-जिथे डोकावतं तिथे भोकं पडल्यासारखी दिसतात. कॅमेरा खाली झुकवा, झाडाचा शेंडा कापा, किंवा मागे डोंगर घ्या.

सीपीएल फिल्टर, म्हणजे पोलरायझर, निळं आभाळ गडद करायला असतो अशी समजूत आहे. पानगळीत त्याचा खरा उपयोग ढगाळ आणि पावसाळी दिवशी होतो. ओल्या पानावर आभाळाची पांढरी चमक बसलेली असते. फिल्टरची रिंग फिरवताना ती विरघळत जाते आणि खालून रंग वर येतो, हे डोळ्यांना दिसतं. बदल्यात दीड ते दोन स्टॉप उजेड जातो. झाडाखाली आधीच उजेड कमी, त्यात हा फिल्टर, त्यात वाऱ्यावर हलणारी पानं. तेव्हा आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ४००-८०० पर्यंत न्यायला कचरू नका. थोडी ग्रेन (फोटोतला दाणेदारपणा) परवडली, हललेलं पान परवडत नाही. उलट, मागच्या उन्हात सूर्याकडे तोंड असताना हा फिल्टर काढूनच ठेवावा. तिथे तो फारसं काही देत नाही, वर काचेचा एक थर वाढल्यामुळे फ्लेअर (सूर्याचे पांढुरके डाग) वाढतो.

व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार फोटोचे रंग जुळवणारं सेटिंग) ऑटोवर ठेवला की कॅमेरा पिवळ्या-तांबड्याला ‘दुरुस्त’ करायला जातो. ढगाळ दिवशी ‘क्लाउडी’, उन्हात ‘डेलाइट’, एवढं हाताने लावलं तरी पुरे. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढत असाल तर हे घरी बसून करता येतं, पण जागेवर पडद्यावर खरा रंग दिसला की नजरेलाही दिशा मिळते.

आणि तो गोल्डन अवर

सूर्य क्षितिजाला टेकलेला असताना उजेडच केशरी असतो. हिरव्या गवतावर, करड्या दगडावर तो बहार आणतो, कारण तिथे तो नवा रंग घालतो. आधीच केशरी असलेल्या पानाला त्याने मिळतं काय? पिवळं, केशरी, तांबडं हे तिन्ही एकाच रंगात बुडतात. फोटो झटकन डोळ्यांत भरतो आणि नीट पाहायला गेलं तर त्यात छटाच नसतात. नुसत्या पानांसाठी म्हणून मी हा उजेड तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो. लोकांना हे पटत नाही, चालायचंच.

चिनार, डोंगर आणि पाणी एकत्र हवं असेल तेव्हा मात्र गणित बदलतं, आणि इथे निशात बाग नसीम बागेच्या पुढे जाते. १६३३ मध्ये मुघल सरदार आसफ खानाने बांधलेली ही बाग दलच्या पूर्व काठाला आहे. पाठीशी झबरवानचा डोंगर, समोर पश्चिमेला सरोवर, आणि मधे बारा टप्प्यांनी उतरणारी जमीन. पाठीशी डोंगर असल्यामुळे सकाळचं ऊन इथे बरंच उशिरा पोचतं. पहाटे इथे येऊन थांबणं म्हणजे थंडीत नुसतं कुडकुडणं. दुपारी तीननंतर या एकाच बागेत दोन्ही उजेड मिळतात. खालच्या टप्प्यावर उभं राहून वर पाहिलं तर समोरून ऊन पडलेले चिनार आणि त्यांच्यामागे उजळलेला डोंगर, पोस्टकार्डवरचं दृश्य. वरच्या टप्प्यावर जाऊन सरोवराकडे तोंड केलं तर तेच चिनार मागून उजळलेले, पलीकडे चकाकणारं पाणी. बहुतेक जण खालूनच फोटो काढून परततात. वर चढायचे कष्ट घ्यावेत, तीन ते साडेचारच्या दरम्यान. त्यानंतर सूर्य इतका खाली येतो की सरोवरावरचं धुरकट हवामान सगळं गिळून टाकतं.

समोरच्या उन्हाबद्दल, म्हणजे सूर्य आपल्या पाठीशी असताना, यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही. ‘आम्ही इथे आलो होतो’ हे सांगायला तो उत्तम.

सावलीतला पाचोळा हे एक उपप्रकरण. निरभ्र दिवशी झाडाखालच्या सावलीत निळ्या आभाळाचा उजेड पडतो आणि जमिनीवरची तांबडी पानं जांभळट दिसतात. व्हाइट बॅलन्स ‘शेड’वर न्या, सुटतं.

मग बेत कसा आखायचा?

बरोबर कुटुंब असेल आणि फोटोंत माणसं हवी असतील तर मळभाची वाट पाहा, किंवा निरभ्र दिवशी मोठ्या झाडाच्या सावलीत त्यांना उभं करा. मागच्या उन्हात आजीचा चेहरा काळा येणार आणि त्यावरून घरी बोलणी बसणार. फेरन (काश्मिरी लांब झगा) घातलेल्या एखाद्या स्थानिकाचा फोटो, अर्थात विचारून, हाही मळभाचाच विषय.

फक्त मोबाइल असेल तरीही मळभ जास्त सुखाचं. मागच्या उन्हात मोबाइल आपल्या हुशारीने सावल्या उजळून टाकतो आणि पार्श्वभूमीचा काळोख, जो आपण मुद्दाम शोधला होता, तोच घालवतो. तरी प्रयत्न करायचाच असेल तर उजळलेल्या पानावर बोट दाबून फोकस तिथेच अडकवा आणि एक्स्पोजरची पट्टी पान भडक दिसणं थांबेपर्यंत खाली ओढा.

कॅमेरा, झूम लेन्स आणि थोडा पेशन्स असेल तर एक निरभ्र दिवस नसीम बागेत सकाळी आणि निशातमध्ये दुपारी घालवा, आणि ढगाळ दिवस आला तर तो गाडीत बसून पहलगामला जाण्यात संपवू नका. उरलेल्या निरभ्र दिवशी लांबचे प्रवास, मळभ असेल त्या दिवशी श्रीनगर, असा टूरवाल्याशी सौदा करता आला तर करावा. ठरावीक कार्यक्रमाच्या ग्रुपमध्ये हे जमत नाही. तिथे निदान निशातची भेट दुपारी टाकायला सांगा, सकाळी नको.

सराव घरीच करता येतो, त्यासाठी ऑक्टोबरची वाट पाहायला नको. मार्च-एप्रिलमध्ये पिंपळाला तांबूस कोवळी पालवी फुटते, सह्याद्रीत कुसुंब लालभडक होतो. त्यांच्यामागे सूर्य ठेवून लाल चॅनेल न उडवता फोटो आला तर चिनारही येईल.

एक शक्यता गृहीत धरून जा. २०१८ आणि २०१९ मध्ये नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात खोऱ्यात बर्फ पडला. सफरचंदाच्या बागांचं त्यात मोठं नुकसान झालं. झाडावर पानं असताना बर्फ पडला तर वरचं सगळं गणित उलटतं. मळभाचा उजेड तोच, पण कॅमेरा पांढऱ्याला करडं करू पाहतो, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप वर न्यावं लागतं. फांद्या बर्फाच्या ओझ्याने मोडतात, तेव्हा झाडाच्या थेट खाली उभं राहू नका, आणि बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात ठेवा.