बेटावर जायचंय? मालाडला उतरा

आमच्या सोसायटीत यंदा बालीची साथ आहे. जो तो जाऊन आलाय आणि लिफ्टमध्ये फोटो दाखवतोय. देवळं सुंदर, नाच सुंदर, पण नाच तिकीट काढून बघायचा आणि तिथल्या माणसाशी दोन शब्द बोलायचे तर मध्ये गाईड लागणार. मला बेट हवं होतं ते माणसांसकट. म्हणून सासूबाईंना घेऊन मुंबईतल्याच मनोरीला राहून आले, आणि तेही मुद्दाम ऑक्टोबरचा पहिला रविवार गाठून.

जाण्याचा खर्च सांगायला लाज वाटावी इतका कमी आहे. मालाड पश्चिमेहून २७२ नंबरची बस मार्वेला जाते. तिथून लाँचने खाडी ओलांडायची. माणसं, स्कूटर आणि मासळीच्या पाट्या एकाच लाँचमध्ये. सुटे पैसे ठेवा. मनोरी, गोराई, उत्तन हे सगळं मिळून जुनं धारावी बेट (झोपडपट्टीची धारावी वेगळी). वसईच्या मोहिमेत, १७३९ साली, मराठ्यांनी इथला किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला होता. भाईंदरहून रस्ताही आहे, पण मग बेटावर आल्यासारखं वाटत नाही.

आम्ही उतरलो ते गावठाणातल्या एका ईस्ट इंडियन (म्हणजे इथल्याच जुन्या ख्रिस्ती समाजातल्या) कुटुंबाच्या घरी. पाटी वगैरे काही नाही, ओळखीतून खोली मिळाली. खोलीला दहापैकी सहा. चादरी स्वच्छ, पंखा दणदणीत, पण नळाचं पाणी मचूळ, आणि दुपारी गेलेले लाइट दिवेलागणीनंतर आले. डासांचं मलम विसरू नका. जवळच्या एका रिसॉर्टवर रात्री उशिरापर्यंत डीजे चालू होता, त्याचे गुण मी या घराच्या खात्यातून कापत नाही.

स्वयंपाकघराला मात्र दहापैकी दहा. घरच्या आंटींनी सकाळी फुगे तळले. मैद्याचं फसफसून आलेलं पीठ मुठीतून पिळून तेलात सोडायचं. पूर्वी ते ताडीने फुगवायचे, आता यीस्ट. जेवायला तांदळाची भाकरी आणि बॉटल मसाल्यातलं बोंबलाचं कालवण. हा मसाला उन्हाळ्यात होतो. मिरच्या आणि वीसहून जास्त जिन्नस उन्हात वाळवायचे, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, मग कुटून बियरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरायचा, म्हणजे उजेड लागत नाही आणि वर्षभर रंग टिकतो. प्रमाण प्रत्येक घराचं वेगळं. सासूबाईंनी फार आडून आडून विचारलं, आंटींनी तितक्याच गोडीने विषय बदलला.

सासूबाई अलिबागकडच्या. आंटींचं "आयली, गेली" ऐकलं आणि त्यांची जीभही सासरी येण्याआधीच्या वळणावर गेली. मला अर्धं कळत होतं. एक चर्चला जाणारी, एक एकादशी करणारी, आणि भांडण कशावर, तर जवळा भिजवून करायचा की कोरडा परतायचा! बालीत हे पैसे देऊन मिळालं नसतं. हे ईस्ट इंडियन लोक मूळचे इथलेच. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, गोवा-मंगळूरहून मुंबईत आलेल्या ख्रिस्ती मंडळींहून आपण वेगळे हे दिसावं म्हणून त्यांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. गावात त्यांनी स्वतःच उभारलेलं छोटं संग्रहालय आहे. लुगडी, दागिने, भांडीकुंडी. उघडं आहे का ते आधी विचारून जा.

आता तो रविवार. त्या दिवशी आगेरा असतो, नव्या भाताचा सण. भाताच्या लोंब्या कापून वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, पाद्री त्यांना आशीर्वाद देतात. बायका लुगड्यांत, पुढे बँड. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे दसऱ्याला दाराला लोंब्या बांधतात तेच की हे." शेजारच्या आजींनी त्यांना "ये बाय" म्हणून हाताला धरून पुढच्या बाकावर नेलं. मी मागे, चपला सांभाळत.

दुसऱ्या दिवशी कोळीवाडा. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून टांगायचे, दोरी लागतच नाही. वास येतो. नाकाला रुमाल लावून फोटो काढणाऱ्यांनी खरंच बालीला जावं.

किनाऱ्याबद्दल फार अपेक्षा नको. वाळू काळपट, पाणी गढूळ, भरतीबरोबर प्लास्टिकही येतं. पोहायचं नाही, संध्याकाळी चालायचं. गोराईच्या विपश्यना पॅगोडाचा घुमट आत एकही खांब नसताना उभा आहे, तेवढ्यासाठी जाऊन या. मुलांना एस्सेलवर्ल्डचं आमिष दाखवू नका, ते २०२२ पासून बंद आहे.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीसाठी जाऊ नका. रविवारी संध्याकाळी परतीच्या लाँचला मरणाची गर्दी होते, सोमवारी सकाळी निघा. मसाला विकत हवा असेल तर एप्रिलमध्येच कुणाला तरी सांगून ठेवा. आम्हाला ऑक्टोबरमध्ये एक बाटली मिळाली, ती सासूबाईंनी आपल्या कपाटात ठेवली आहे.