आठ महिने वापरून: लाइक 41, वाचक 4

एका लेखनमंचावर आठ महिने पैसे भरून लिहितोय. एडिटर झकास आहे, मोबाइलवरही कुठे अडत नाही. माझं भांडण आहे आकड्यांशी.

तिसऱ्या महिन्यात वडिलांच्या स्मृतिभ्रंशावर लेख टाकला. वाचायला निवांत बारा मिनिटं लागतील असा. दीड मिनिटात सहा कमेंट हजर. 'खूप प्रेरणादायी! माझाही लेख नक्की वाचा.' प्रेरणादायी? स्टॅट्स उघडले तर लाइक 41 आणि शेवटपर्यंत पोचलेले चार.

मग 'तू माझं वाच, मी तुझं' या गटांचं कळलं. मलाही आवतण होतं: रोज 20 लेख उघडायचे, अर्धा मिनिट थांबायचं, लाइक ठोकून पुढे. अर्धा मिनिटच का, तर तेवढ्यात तिथे वाचन मोजलं जातं. मोह झाला, खोटं कशाला बोलू! पण मानधन सगळ्यांच्या वर्गणीच्या एकाच गल्ल्यातून, वाचनाच्या प्रमाणात वाटलं जातं. म्हणजे खोटं वाचन दुसऱ्याच्या वाट्यातूनच जातं.

हा खेळ जुनाच. वर्गणी भरून ई-पुस्तकं वाचायच्या अ‍ॅमेझॉनच्या किंडल अनलिमिटेड सेवेने 2015 मध्ये लेखकांना वाचलेल्या पानांवर पैसे द्यायला सुरुवात केली, तर काही महाभागांनी पुस्तकाच्या सुरुवातीलाच शेवटच्या पानाची लिंक डकवली. वाचक एका टिचकीत तिकडे. मधली सगळी पानं वाचलेली धरली जायची. पुढे एका वाचकामागे एका पुस्तकाची 3000 पानंच मोजायची, अशी मर्यादा आली.

आमच्या मंचाने सहाव्या महिन्यात सफाई काढली. मी खूश! चौथ्या दिवशी मलाच नोटीस: 'अनैसर्गिक हालचाल'. तीन आठवडे लेख कुणाच्या फीडमध्ये गेले नाहीत. अपील केलं, चार मिनिटांत ठोकळेबाज नकार. कारण अंदाजानेच लावलं. एका वाचक बाईंनी रात्री बसून माझे जुने अकरा लेख सलग वाचले होते, प्रत्येकाला लाइक दिला होता आणि स्मृतिभ्रंशाच्या लेखाखाली स्वतःच्या आईबद्दल लांबलचक लिहिलं होतं. सफाईत ते सगळं गेलं. 'प्रेरणादायी' मात्र अजून तिथेच आहे.

बाईंचा मेल आला, 'माझी कमेंट तुम्ही काढलीत का?' काय उत्तर देणार?

पाचपैकी दोन, तेही एडिटरसाठी. वर्गणी पुढच्या महिन्यात संपतेय. लेख कॉपी करून ठेवलेत, बाईंची कमेंट मात्र माझ्याकडेही नाही.