फोटोंखालच्या ओळी: फोटोबुकचे सॉफ्टवेअर आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या आठ महिन्यांत मी एकाच सॉफ्टवेअरमध्ये तीन फोटोबुके तयार केली. पहिले एका प्रवासाचे, २४ पानांचे. दुसरे घरातल्या जुन्या कृष्णधवल छायाचित्रांचे, ७२ पानांचे. आणि तिसरे, आधीच्या चुका लक्षात ठेवून केलेले, ४० पानांचे. फोटो ओढून पानावर टाकणे, मांडणी निवडणे, फोटो कापून नीट बसवणे ही कामे त्यात इतकी सहज होतात की त्यांच्याबद्दल वेगळे लिहिण्यासारखे फारसे नाही. माझा बहुतेक वेळ आणि जवळजवळ सगळी चिडचिड खर्च झाली ती फोटोंखालच्या मजकुरावर, म्हणून हा अनुभव फक्त मजकुराचा आहे. हेच सॉफ्टवेअर छपाई करून देणाऱ्या वेगवेगळ्या कंपन्यांकडे वेगवेगळ्या नावांनी मिळते, त्यामुळे नाव देण्यात अर्थ नाही. असे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ते पहिल्या दोन परिच्छेदांतच ओळखू येईल.

सुरुवातीला मजकुराची सोय पुरेशी वाटते. पानावर दोनदा क्लिक केले की चौकट उघडते आणि वरच्या पट्टीत फॉन्ट, आकार, जाडी, रंग आणि ओळींमधले अंतर यांची बटणे दिसतात. युनिकोड मराठी, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या जागतिक पद्धतीतले, थेट टाइप करता येते, चौकट सरकवताना शेजारच्या फोटोच्या कडेशी जुळणारी हिरवी रेघ उमटते, आणि हवे असल्यास चौकटीची जागा मिलिमीटरमध्ये आकडा टाकूनही ठरवता येते. ही शेवटची सोय मला फार आवडली, कारण समोरासमोरच्या दोन पानांवरच्या कॅप्शन, म्हणजे फोटोंखालच्या ओळी, एका उंचीवर आणण्याचा तोच एक खात्रीचा मार्ग आहे. पहिल्या पुस्तकात कुठल्याही पानावर चार-पाच शब्दांपलीकडे काही नव्हते. तेव्हाच हा अनुभव लिहायला घेतला असता, तर तो निम्म्या लांबीचा आणि दुप्पट कौतुकाचा झाला असता.

दुसऱ्या पुस्तकात मजकूर वाढला. प्रत्येक जुन्या फोटोखाली माणसांची नावे, त्यांचे नाते, वर्ष आणि कुठे एखादी आठवण, शिवाय सुरुवातीला दोन पानांचे मनोगत, अशा मिळून सुमारे १८० चौकटी झाल्या. इथे पहिली मोठी उणीव कळली. या सॉफ्टवेअरमध्ये शैली ही संकल्पनाच नाही. साध्या वर्ड प्रोसेसरमध्येही एकदा ‘कॅप्शन’ नावाची शैली ठरवून ठेवली की तिचा आकार बदलताच सगळीकडचा आकार बदलतो. इथे मात्र प्रत्येक चौकट स्वतःपुरती आहे. कॅप्शनचा आकार ११ पॉइंटवरून १० पॉइंट करायचे ठरवले तेव्हा मला १८० चौकटी एकेक करून उघडाव्या लागल्या, आणि त्यात दोन संध्याकाळी गेल्या. एका चौकटीचे रूप दुसरीला देणारा ब्रश आहे खरा, पण तो फॉन्ट, आकार आणि रंग उचलतो, ओळींमधले अंतर मागेच ठेवतो. हे मला साठाव्या चौकटीच्या आसपास लक्षात आले.

त्याहून त्रासदायक ठरली ती ‘मजकूर चौकटीत बसवा’ ही सोय, जी मुळातच चालू असते. मजकूर चौकटीपेक्षा जास्त झाला की सॉफ्टवेअर काही न विचारता अक्षरे लहान करते. पडद्यावर पान लहान दिसत असल्याने ते जाणवत नाही. छापील पुस्तक हातात आले तेव्हा डावीकडची कॅप्शन ठसठशीत आणि उजवीकडची बारीक असे कितीतरी जोडीची पाने निघाली. मूळ फाइल उघडून पाहिले तर कुठे १०, कुठे ९.६, कुठे ८.३ असे आकार दिसले. एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, म्हणजे जेमतेम ०.३५ मिलिमीटर, पण वाचणाऱ्याच्या डोळ्याला दीड पॉइंटाचा फरक लगेच खटकतो. आता मी नवी चौकट घेतल्यावर सर्वांत आधी ही सोय बंद करतो. मग जास्तीचा मजकूर चौकटीच्या तळाशी लपतो आणि एक छोटा लाल त्रिकोण दिसतो. तो नजरेतून सुटू शकतो, तरी गुपचूप आकार बदलण्यापेक्षा तो परवडतो.

मराठीच्या बाबतीतला सर्वांत शिकवणारा प्रसंग ‘दुसऱ्या’ या शब्दाचा आहे. त्या पुस्तकातला काही मजकूर मी स्वतः टाइप केला होता आणि काही भाग घरातल्या एका नातेवाइकांनी पाठवलेल्या जुन्या फाइलमधून चिकटवला होता. टाइप करताना दोन्ही भाग सारखेच दिसत होते. फाइल बंद करून दुसऱ्या दिवशी उघडली तेव्हा चिकटवलेल्या भागात ‘दुसर्या’, ‘सार्या’, ‘बिचार्या’ असे शब्द झाले होते. रफार य च्या डोक्यावर जाऊन बसला होता. आधी मला वाटले की फॉन्ट बिघडला आहे. फॉन्ट बदलूनही तेच राहिले तेव्हा उलगडा झाला. युनिकोडमध्ये ‘ऱ्य’ दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात खाली नुक्ता असलेला ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’ असतात. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह आणि शेवटी ‘य’. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. हे सॉफ्टवेअर फाइल साठवताना न दिसणारी चिन्हे कचरा समजून काढून टाकते, आणि ते जोडचिन्ह गेले की उरलेल्या ‘र’, हलन्त आणि ‘य’ यांचा नियमाप्रमाणे रफार होतो. नियम चुकत नाही, शब्द चुकतो.

सॉफ्टवेअरमध्ये ‘शोधा आणि बदला’ नाही, त्यामुळे असे शब्द डोळ्यांनीच शोधावे लागले. मी सगळे दुरुस्त केले अशा समजुतीत होतो. छापील प्रतीच्या ५१ व्या पानावर ‘तिसर्या’ अजूनही आहे. घरात ते कोणाच्याही लक्षात आलेले नाही आणि मीही ते दाखवलेले नाही. तेव्हापासून बाहेरचा मजकूर आधी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये घ्यायचा, तिथे जोडचिन्हाचा ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ शोधून बदलायचा, आणि मगच तो पुस्तकात न्यायचा, असा शिरस्ता ठेवला आहे. त्याचा आणखी एक फायदा असा की वर्ड प्रोसेसरमधून थेट चिकटवल्यास सोबत येणारे परके फॉन्ट आणि रंग टेक्स्ट फाइलमध्येच गळून पडतात. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला मजकूर असेल तर मात्र हे पुरत नाही. तो रोमन अक्षरांच्या गिचमिडीसारखा उतरतो आणि आधी युनिकोडमध्ये रूपांतरितच करावा लागतो.

मुखपृष्ठावरच्या मथळ्याने वेगळाच धडा दिला. सॉफ्टवेअरमधल्या तयार नमुन्यांत मथळ्याची अक्षरे एकमेकांपासून ऐसपैस लांब ठेवलेली असतात. रोमन मोठ्या अक्षरांना ते शोभते. त्याच चौकटीत मी ‘आठवणी’ हा शब्द लिहिला तेव्हा शिरोरेघेचे तुकडे झाले आणि शब्द एकसंध राहिलाच नाही. कोणीतरी चार अक्षरे सुटी मांडून ठेवावीत तसे ते दिसत होते. देवनागरीत शब्दाला शब्दपण देणारी रेघ वरची आहे, ती तोडली की वाचणारा अडखळतो. अक्षरांमधले अंतर शून्यावर आणले की प्रश्न सुटतो, पण हे अंतर नमुन्यातच दडलेले असल्याने आधी ते कुठे आहे हे शोधावे लागते: ‘अधिक’ या बटणामागे, तिसऱ्या यादीत.

फॉन्टच्या यादीत शंभराहून अधिक नावे आहेत, पण देवनागरी अक्षरे असलेले त्यांत मोजून नऊ निघाले. उरलेल्यांपैकी कोणताही निवडला तरी मराठी दिसतेच, कारण सॉफ्टवेअर गुपचूप दुसऱ्या फॉन्टची अक्षरे उसनी आणते. त्यामुळे आपण फॉन्ट बदलला असे वाटते आणि प्रत्यक्षात फक्त आकडे व रोमन अक्षरे बदलतात. खरा फॉन्ट ओळखण्यासाठी मी ‘ल’ आणि ‘श’ पाहतो. मराठी वळणाचा ल पाकळ्यांचा असतो आणि श देठाचा. हिंदी वळणात दोन्ही वेगळे दिसतात. संगणकावर स्वतः बसवलेले फॉन्ट वापरण्याची मुभा आहे, ही या सॉफ्टवेअरची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणावी लागेल. कॅप्शनसाठी मी मुक्ता वापरतो, कारण त्यात सात जाड्या मिळतात आणि वर्ष किंचित ठळक, बाकी ओळ हलकी, असे करता येते. मनोगतासाठी टिरो देवनागरी मराठी वापरला. त्याचे वळण पुस्तकी आहे आणि ल, श मुळातूनच मराठी आहेत. त्याला ठळक रूप नाही, तरीही सॉफ्टवेअरमधले ठळकपणाचे बटण चालते. ते फक्त अक्षरांची कड फुगवते आणि ‘क्ष’, ‘ष्ठ’ यांच्या पोटातली पोकळी बुजवते. ते बटण मी दाबत नाही.

ओळींमधल्या अंतराचा मूळ आकडा १.२ आहे. रोमनला तो पुरतो. मराठीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या व मात्रा एकमेकांना भिडतात. ‘पूर्वी’ च्या खाली ‘मैत्री’ आली की गर्दी होते. मी १.५ ठेवतो. दोन्ही कडा जुळवण्याचे बटण लहान चौकटीत वापरू नये, कारण सॉफ्टवेअर मराठी शब्द ओळीच्या शेवटी तोडत नाही, आणि एखादा लांब शब्द खाली गेला की वरच्या ओळीतल्या शब्दांत खिंडारे पडतात. तारखेत ‘१२’ एका ओळीच्या शेवटी आणि ‘मे’ पुढच्या ओळीत जाऊ नये म्हणून दोघांमध्ये न तुटणारी मोकळी जागा टाकता येते, आणि आश्चर्य म्हणजे हे चिन्ह सॉफ्टवेअर काढून टाकत नाही.

फोटोची तारीख कॅप्शनमध्ये आपोआप भरण्याचीही सोय आहे. मोबाइलवर काढलेल्या फोटोंसाठी ती उत्तम. जुने फोटो मी स्कॅन केलेले होते, आणि फाइलमध्ये नोंदलेली तारीख स्कॅन केल्याची होती, त्यामुळे आजोबांच्या तरुणपणीच्या फोटोखाली याच वर्षाचा महिना उमटला. वाचून हसू आले. पण ४० फोटोंखाली तेच पुसत बसताना ते टिकले नाही.

छापून आल्यावर कळलेल्या गोष्टी वेगळ्याच असतात. सौम्य दिसावा म्हणून मी मनोगताचा मजकूर राखाडी ठेवला होता. पडद्यावर तो देखणा होता. छपाईत राखाडी रंग बारीक ठिपक्यांनी तयार होतो, आणि १० पॉइंटच्या अक्षरांची कड त्या ठिपक्यांमुळे केसाळ दिसते. शुद्ध काळ्या अक्षराची कड त्यामानाने धारदार येते, म्हणून तिसऱ्या पुस्तकात मजकूर काळाच ठेवला. गडद फोटोवर पांढरी अक्षरे टाकली तर भोवतालची शाई बारीक रेघांत शिरते, म्हणून तिथे एक जाडी वरची घेतो आणि १२ पॉइंटच्या खाली जात नाही. सावली देण्याचे बटणही आहे. ती लहान अक्षरांना फक्त मळकट करते.

पानाच्या बाहेरच्या कडेला कापण्यासाठी ३ मिलिमीटर जातात हे सॉफ्टवेअर लाल रेघेने दाखवते. बांधणीच्या बाजूला मात्र काहीच दाखवत नाही. ७२ पानांचे पुस्तक पूर्ण सपाट उघडत नाही, आणि आतल्या कडेपासून ८ मिलिमीटरवर सुरू झालेल्या ओळींचे पहिले अक्षर वाचायला पुस्तक दाबून धरावे लागते. आता मी आत २० मिलिमीटर सोडतो. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे मजकुराच्या चौकटीला आतून २ मिलिमीटरची अदृश्य किनार असते, त्यामुळे चौकट फोटोच्या कडेशी जुळवली तरी अक्षरे आत सरकलेली दिसतात. ही किनार शून्य करता येत नाही. चौकटच २ मिलिमीटर डावीकडे ओढायची.

मदतकेंद्राला मी दोनदा लिहिले. न दिसणाऱ्या जोडचिन्हाबद्दलच्या पत्राला ‘दुसरा फॉन्ट वापरून पाहा’ असे उत्तर आले. आतल्या किनारीबद्दलच्या पत्राला उत्तर यायचे आहे.

तिसऱ्या पुस्तकाचा मुखपृष्ठावरचा मथळा मी इंकस्केप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार केला, तिथे जोडाक्षरे नीट जुळतात, आणि पारदर्शक पार्श्वभूमीचे चित्र म्हणून ६०० डीपीआयला (इंचामागे ६०० ठिपके) आणून पानावर ठेवला. तो छान छापला गेला. ही युक्ती मथळ्यापुरतीच बरी, कारण चित्र झालेल्या मजकुरात ऐन वेळी एखादा उकार सुधारायचा म्हटले तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. बाकीचा सगळा मजकूर मी यावेळी आधी टेक्स्ट फाइलमध्ये पूर्ण लिहिला, दोघांकडून वाचून घेतला, एक चौकट मनासारखी सजवली आणि रिकाम्या पुस्तकात तिच्याच प्रती करत गेलो. ऑर्डर देण्याआधी मिळणारी पीडीएफ ४०० टक्के मोठी करून पानोपान पाहायला दीड तास लागला. त्यात दोन चुका सापडल्या, आणि दोन्ही ‘ऱ्य’ च्या नव्हत्या.