जुन्या रॉक अँड रोलचे संग्रह: कोणता घ्यावा, कोणता टाळावा

रॉक अँड रोलच्या, म्हणजे १९५० च्या दशकातल्या ठेकेबाज अमेरिकन संगीताच्या, पहिल्या पिढीतल्या गायकांचे सुटे आल्बम गोळा करण्याच्या फंदात पडू नये. हे संगीत मुळात एकेका गाण्याचं. १९४९ साली आरसीए या अमेरिकन कंपनीने ४५ आरपीएमची (मिनिटाला ४५ फेरे घेणारी) सात इंची तबकडी बाजारात आणली आणि पुढच्या दशकात छोट्या-छोट्या कंपन्यांनी तिच्यावर दोन-अडीच मिनिटांची गाणी विकली. आल्बम बहुतेकदा मागाहून निघाले, भरतीची गाणी घालून. अहिराणी गाण्यांचा बाजार आजही एकेका गाण्यावरच चालतो, त्यामुळे खान्देशात हे जास्त समजावून सांगायला नको.

म्हणून या काळासाठी अनेक गायकांची निवडक गाणी एकत्र असलेला संग्रहच घ्यावा, आणि त्यात पहिली पसंती लंडनच्या एस रेकॉर्ड्सच्या ‘द गोल्डन एज ऑफ अमेरिकन रॉक अँड रोल’ या सीडी-मालिकेला. पहिला भाग १९९१ चा. एका सीडीवर ३० गाणी, म्हणजे तबकडी जवळपास काठोकाठ भरलेली. निवड १९५४ ते १९६३ या काळात अमेरिकेच्या विक्री-यादीत चढलेल्या गाण्यांची. आवाज स्वच्छ, पण धुवून काढलेला नाही. झांजेची किणकिण जागेवर आहे. सोबतची पुस्तिका जाडजूड आणि वाचण्यासारखी.

अनेक कंपन्यांची गाणी शेजारी आली की जे कळतं, ते एका गायकाच्या आल्बममधून कळत नाही. लिटल रिचर्ड स्पेशल्टी कंपनीचा, फॅट्स डॉमिनो इम्पीरियलचा. पण दोघांची गाजलेली कितीतरी गाणी न्यू ऑर्लिन्समध्ये कोझिमो मटासाच्या स्टुडिओत झाली, आणि दोघांमागे ड्रमवर अर्ल पामर, सॅक्सोफोनवर ली अ‍ॅलन. एक गाणं संपून दुसरं लागलं की गायक बदलतो, ठेका धरणारा हात तोच राहतो. मग मेम्फिसच्या सन कंपनीचं गाणं आलं की खोलीच बदलल्यासारखी वाटते. तिथे सॅम फिलिप्सने दोन टेपरेकॉर्डर जोडून आवाज किंचित उशिरा परत मिसळला होता, तो चटकन येणारा प्रतिध्वनी. चांगला संग्रह म्हणजे अशा खोल्यांची फेरी.

आता फसगतीचं. ‘शंभर सुपरहिट’ छापाचे स्वस्त डबे उचलण्याआधी मागची बारीक अक्षरं वाचा. ‘मूळ कलाकारांनी पुन्हा ध्वनिमुद्रित केलेली’ अशा अर्थाचं काही दिसलं तर डबा परत ठेवा. गायकाने कंपनी बदलली तरी जुन्या टेपवर हक्क जुन्या कंपनीचाच राहायचा, म्हणून नवी कंपनी तीच गाणी पुन्हा गाऊन घ्यायची. गायक-गिटारवादक चक बेरी शिकागोची चेस कंपनी सोडून मर्क्युरी कंपनीकडे गेला आणि १९६७ साली त्याची जुनी गाणी अशीच पुन्हा आली. बोटं त्याचीच, पण शिकागोच्या त्या खोलीतली धार नाही. मोबाइलवर ऐकतानाही नावापुढचं साल पाहा, मात्र त्यावर फार विसंबू नका.

दुसरी खोट नकली स्टीरिओची. १९५८ च्या आधीचं जवळपास सगळं मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. पुढे काही कंपन्यांनी एका कानात खर्ज आणि दुसऱ्या कानात तार भाग सोडून त्याला स्टीरिओ म्हटलं. हेडफोन लावा, गायक मधोमध न राहता पसरट, पोकळ वाटला की समजा.

युरोपात निघणारे चार-चार सीडींचे स्वस्त संच १९६२ पाशी थांबतात, त्यामागे कायदा आहे. २०१३ पासून तिथे ध्वनिमुद्रणाचा हक्क ५० वरून ७० वर्षांवर गेला, पण आधीच हक्कमुक्त झालेली, म्हणजे १९६२ पर्यंतची, गाणी मुक्तच राहिली. असा संच वाईटच असतो असं नाही. मूळ टेप न वापरता जुन्या तबकडीवरून किंवा दुसऱ्याच्या सीडीवरून उतरवलेला असू शकतो, एवढं गृहीत धरून घ्यावा.

एलपी (मोठी तबकडी) हवी असेल तर एका बाजूला सहा-सात गाणी, फार तर आठ, एवढीच पाहा. दहा-बारा कोंबली की खाचा अरुंद होतात, आवाज हळू आणि कोरडा येतो. आणि जळगाव-भुसावळात एप्रिल-मे महिन्यात एलपी मागवूच नका. बाहेर ४५ अंश असताना बंद टेम्पोत त्याहून कितीतरी जास्त तापतं, आणि व्हिनाइल, म्हणजे तबकडीचं प्लास्टिक, ६०-७० अंशांच्या आसपास मऊ पडतं. पार्सल आडवं, वर ओझं, की तबकडी बशीसारखी वाकते. सुई दर फेऱ्याला वरखाली डोलते आणि सूर हेलकावतो. घरी तबकड्या उभ्याच ठेवा, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब. काळ्या मातीची धूळ खाचेत बसते, म्हणून वाजवण्याआधी दर वेळी कार्बन-फायबरचा ब्रश फिरवा. ओल्या फडक्याने पुसलं तर तिचा चिखल होऊन आत घट्ट बसतो.

सीडी किंवा पेनड्राइव्ह वापरणाऱ्यांना यातलं काहीच नाही. उलट एक फायदा: मोनो गाणं एकाच स्पीकरवर वाजलं तरी काही गमावत नाही. हिवाळ्यात बामणोद-भालोदकडे शेतात भरीत पार्टी असेल तर एकच ब्लूटूथ स्पीकर पुरे. बास वाढवू नका. या गाण्यांत खर्ज मुळात बेताचाच, वाढवला की फक्त घरघर वाढते.