बेबी गेट, आठ महिन्यांनंतर: स्वयंपाकघराला एक, जिन्याला दुसरं

लहान मूल अडवायला स्वयंपाकघराच्या दारात दाबावर बसणारं (स्क्रूशिवाय, चार कोपऱ्यांचे बोल्ट दोन्ही बाजूंना आवळून; ७५ ते ८५ सेंमी रुंदीसाठी) आणि जिन्याच्या वरच्या टोकाला स्क्रूने भिंतीत बसवलेलं, अशी दोन गेटं. वाटणी उलट चालत नाही. दाबाच्या गेटला तळाशी आडवी पट्टी असते. कडेवर मूल घेऊन जिन्याच्या तोंडाशी तिला अडखळलं तर थेट खालीच. स्क्रूच्या गेटला ही पट्टी नसते. मात्र ते पायऱ्यांच्या दिशेने उघडता कामा नये. पाकिटातला स्टॉपर लावाच.

माप एकाच ठिकाणी घेतलं की फसगत ठरलेली. स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) दोन्हीकडून सेंमीभर पुढे आलेलं असतं, म्हणजे वर ७८ तर खाली ७६. चारही बोल्ट वेगवेगळे फिरतात म्हणून हा फरक भरून निघतो, पण सांगाडा कमी मापात मावला पाहिजे.

खोक्यातून काढल्यावर कडी आणि खाचेत बोटभर फट दिसते. माल वाकडा आला म्हणून परत पाठवू नका; बोल्ट आवळत गेलं की फट मिटते. खालचे दोन आधी, मग वरचे, थोडे थोडे आळीपाळीने. गेट आपोआप मिटेनासं झालं, तर स्प्रिंगला दोष देण्याआधी पाणसळ लावून बघा.

खरी कटकट ग्रॅनाइटच्या चौकटीची. गुळगुळीत दगडावर रबर सरकतं, म्हणून सोबतच्या वाट्या (बोल्टच्या टोकाचं रबर ज्यात बसतं त्या) चिकटवायच्याच. अमेरिकी मानकाप्रमाणे गेटने ३० पौंडांचा (साधारण १३.६ किलो) जोर सोसायला हवा, आणि त्यासाठी वाट्या लागत असतील तर त्या सोबत देणं बंधनकारक आहे. आपल्याकडे त्या अडगळीत जातात. दगड स्पिरिटने पुसून, कोरडा करून चिकटवा आणि दिवसभर तसंच ठेवा. तरीही रबर दबतं. दर रविवारी बोल्ट पाव फेरा आवळावा लागतो.

जिन्याची भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटची) असेल तर स्क्रूसाठी भोकात बसवायचा साधा प्लग महिन्याभरात खुळखुळतो. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडा आणि एएसीसाठीचा नायलॉन प्लग वापरा. दुसऱ्या बाजूला स्टीलचा गोल खांब होता. त्याला होज क्लॅम्पने (पाइपावर आवळायच्या धातूच्या पट्ट्याने) जाड प्लायची पट्टी बांधून बिजागरी त्यावर घेतली. क्लॅम्पचं टोक कापून घासलं नाही तर बोट कापतं.

वापरातल्या कुरबुरी: दाबून उचलायची कडी आजीच्या सांधे धरलेल्या हाताला जमत नाही, मग गेट ओलांडलं जातं, आणि पडणं तिथेच होतं. घेण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एका हाताने उघडून पाहावं. ९० अंशांवर उघडं अडकून राहण्याची सोय केर-लादीला बरी, पण कामं उरकली तरी गेट तसंच उघडं राहतं. लादी पुसताना पट्टीखाली पाणी साचतं. आमच्याकडे पावसाळ्यात वेल्डिंगच्या सांध्यावर गंज आला.

गेटजवळ पाट किंवा खेळण्याची पेटी ठेवू नका. मूल गेटवर पाय टाकायला लागलं, किंवा दोन वर्षांचं झालं, की गेट काढायचं. काढल्यावर ऑइलपेंटवर चार गोल डाग राहतात, ते पुसून जात नाहीत.