जँगो ५.२ : काही महिन्यांच्या वापरानंतर, स्वतःचं फ्रेमवर्क लिहू पाहणाऱ्यांसाठी

फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइट उभारण्यासाठीचा तयार सांगाडा. तो स्वतः लिहायला घेतला की राउटर (पत्त्यावरून योग्य कोडकडे नेणारा भाग) आणि टेम्प्लेट (पानाचा साचा) पहिल्या आठवड्यातच उभे राहतात. तिथेच फसगत होते, कारण खरं काम पुढे असतं: मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले नोंदवलेले बदल), सेशन (वापरकर्त्याची ओळख लक्षात ठेवणं), परवानग्या, पासवर्ड, फाइल अपलोड. म्हणून मराठी बातम्यांच्या एका पोर्टलसाठी आधी जँगो व फास्टएपीआय (पायथनमधली) आणि लारावेल (पीएचपीमधलं) ही तीन फ्रेमवर्कं तपासली, आणि मग जँगो ५.२ रोजच्या वापरात ठेवलं.

तपासणीसाठी टू-डू लिस्ट बनवू नका, तिच्यात सगळीच फ्रेमवर्कं गोड वाटतात. आपल्या कामातला सर्वांत वाकडा भाग उचला. इथे तो असा होता: एका लेखाला अनेक लेखक, मसुद्यापासून प्रकाशनापर्यंतचे टप्पे, आणि जिल्हा आवृत्तीच्या संपादकाला फक्त आपल्याच आवृत्तीचे लेख बदलता यावेत. एवढंच तिन्हींत लिहायचं. शिवाय भरलेल्या टेबलात एक कॉलम वाढवून ते मायग्रेशन मागे घेऊन पाहायचं.

फास्टएपीआय नुसत्या एपीआयसाठी (प्रोग्रामांमधली डेटाची देवाणघेवाण) उत्तम. पण त्यात ओआरएम (डेटाबेसची टेबलं कोडमधून हाताळणारा थर) नाही, नोंदी भरायची-बदलायची तयार पानं म्हणजेच अ‍ॅडमिन नाही. एसक्यूएलअल्केमी (ओआरएम), अलेम्बिक (मायग्रेशन), लॉगिन असं एकेक जोडत गेलं की नकळत आपलंच फ्रेमवर्क तयार होतं, फक्त त्याला नाव नसतं. लारावेलमध्ये क्यू (मागे चालणाऱ्या कामांची रांग) आणि शेड्युलर (ठरल्या वेळी काम चालवणारा) सोबतच येतात. लेझी लोडिंगवर (जोडलेली माहिती लागेल तेव्हा डेटाबेसला पुन्हा पुन्हा विचारून आणणं) बंदी घालणारा त्याचा स्विच तर हेवा वाटावा असा आहे. जँगो ५.२मध्ये तसा स्विच नाही, आणि मागे चालणाऱ्या कामांसाठी सेलरी हे साधन वेगळं बसवावं लागतं.

तरी पारडं जँगोकडे झुकलं. एप्रिल २०२५ची ही एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणारी) आवृत्ती आहे, तिला तीन वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार; लारावेलच्या आवृत्तीला दोनच वर्षं. आणि अ‍ॅडमिन! २००३मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससच्या एका दैनिकाच्या वेब विभागात हे फ्रेमवर्क जन्मलं, त्यामुळे संपादकीय कामाची नाडी त्याला कळते.

अ‍ॅडमिनमधल्या परवानग्या मात्र मॉडेलवर (पूर्ण टेबलावर) असतात, ओळीवर (एकेका नोंदीवर) नाही. आवृत्तीचं बंधन हवं तर नोंदी निवडून देणारं गेट_क्वेरीसेट बदलावं लागतं. एवढं करून थांबलात तर यादी बरोबर गाळली जाते, पण फॉर्ममधल्या ड्रॉपडाउनमध्ये इतर आवृत्त्या दिसत राहतात. त्यासाठी फॉर्मफील्ड_फॉर_फॉरेनकी वेगळं बदलायचं. ड्रॉपडाउनचा आणखी एक ताप म्हणजे हजारो नोंदी असल्या तर त्या सगळ्या पानात ओतल्या जातात आणि पान रखडतं. तिथे शोधून निवडू देणारं ऑटोकम्प्लीट_फील्ड्स लावा.

मराठीचं दुखणं वेगळंच. मथळ्यापासून स्लग (वेबपत्त्यातला मजकूर) बनवणाऱ्या स्लगिफायला अलाउ_युनिकोड (रोमनेतर अक्षरांना मुभा) दिलं तरी ‘मराठी’चं ‘मरठ’ होतं. आतलं रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर जुळवणारा नमुना) अक्षरं आणि अंक ठेवतं, पण काना, वेलांटी, हलन्त ही युनिकोडमध्ये ‘चिन्हं’ असल्यामुळे ती गाळली जातात. म्हणजे ‘वर’ आणि ‘वीर’ यांचा स्लग एकच! यावर उपाय म्हणजे स्वतःचं फंक्शन लिहून अक्षर, चिन्ह आणि अंक हे तिन्ही वर्ग ठेवणं. तेवढ्याने भागत नाही, कारण यूआरएलमधला स्लग कन्व्हर्टर (पत्त्याचा तुकडा तपासणारा भाग) फक्त रोमन अक्षरं, अंक, हायफन आणि अंडरस्कोर मानतो. मराठी पत्त्याला सरळ ४०४ (पान सापडलं नाही). कन्व्हर्टरही आपलाच हवा. मथळे छाटायलाही ट्रंकेटचार्स नको, तो मात्रा तोडून ‘की’चा ‘क’ करू शकतो. शब्दांवर छाटणारा ट्रंकेटवर्ड्स बरा.

वेगाबद्दल लोक उगाच पायथनला दोष देतात. बहुतेक वेळा क्वेरी (डेटाबेसला केलेल्या विचारणा) मोजलेल्या नसतात. ५० लेखांच्या यादीत प्रत्येक लेखाचे लेखक दाखवले तर ५१ क्वेरी जातात, सगळे लेखक एकदम आणणारं प्रीफेच_रिलेटेड लावलं की २. टेस्टमध्ये क्वेरींची संख्या तपासणारं असर्टनमक्वेरीज घालून ठेवा, नाहीतर टेम्प्लेटमधल्या एका नव्या ओळीने आकडा पुन्हा चढतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

मायग्रेशनमध्ये तीन गोष्टी पहिल्या दिवशीच ठरवा. कस्टम यूजर मॉडेल पहिल्या मायग्रेशनच्या आधी हवं. नंतर बदलायचं म्हणजे फॉरेन की (एका टेबलातून दुसऱ्याकडे बोट दाखवणारे कॉलम) हाताने जुळवत बसणं. मायग्रेशनमध्ये आपला कोड चालवणाऱ्या रनपायथनला उलटं फंक्शन दिलं नाही तर ते मायग्रेशन मागे घेता येत नाही. आणि पोस्टग्रेस डेटाबेसवर मोठ्या टेबलाला साधा इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) घातला तर तो पूर्ण होईपर्यंत त्या टेबलात लिहिणं अडतं. तिथे अ‍ॅडइंडेक्सकंकरंटली वापरा आणि त्या मायग्रेशनचं अ‍ॅटॉमिक (सगळे बदल एकाच व्यवहारात करणं) बंद ठेवा.

जुना डेटाबेस असेल तर इन्स्पेक्टडीबी ही आज्ञा टेबलं वाचून मॉडेल्स काढून देते. ५.२मध्ये संयुक्त प्रायमरी कीसुद्धा (अनेक कॉलम मिळून बनणारी नोंदीची ओळख) आली आहे, मात्र अशा मॉडेलकडे फॉरेन की नेता येत नाही आणि ते अ‍ॅडमिनमध्ये नोंदवताही येत नाही. जुन्या टेबलांत अशा की जागोजागी असतील तर जँगो घेण्याआधी हेच आधी तपासा.

शेवटी स्वतः लिहावं लागलं ते स्लगचं फंक्शन, कन्व्हर्टर आणि आवृत्तीच्या परवानग्या, एवढंच. ते एका वेगळ्या अ‍ॅपमध्ये ठेवावं, जँगोच्या कोअरला हात लावू नये, आणि आवृत्ती वाढवण्याआधी पायथनच्या डिप्रिकेशन वॉर्निंग (पुढे काढल्या जाणाऱ्या सुविधांचे इशारे) चालू करून सगळ्या टेस्ट एकदा पळवून घ्याव्यात.