चक्कर तपासणीचं पॅकेज: कशाला पैसे द्यावेत, कशाला नाही

महिनोन्‌महिने चक्कर येते, एमआरआय स्वच्छ, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, मानेच्या एक्स-रेत ‘मणक्याची थोडी झीज’ आणि हातात बीटाहिस्टीन या चक्करेच्या गोळीची पाकिटं. असा पेशंट फिरत फिरत व्हर्टिगो क्लिनिकमध्ये पोहोचतो आणि त्याच्यापुढे तपासण्यांचं पॅकेज ठेवलं जातं. माझ्या मते पाचपैकी साडेतीन गुण. कापलेले दीड गुण यंत्रांचे नाहीत, ती वापरण्याच्या पद्धतीचे आहेत.

पॅकेजमध्ये बहुधा ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी), डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या व्हीएनजी आणि व्हीएचआयटी, आणि व्हेम्प (मोठ्या आवाजाला स्नायूंचा प्रतिसाद मोजून आतल्या कानाचं तोलाचं काम बघणारी) असतात. काही ठिकाणी पोस्चरोग्राफीही जोडतात. तिच्यातून तोल किती बिघडलाय ते कळतं, का बिघडलाय ते नाही. व्यायामाआधी आणि नंतर तुलना करायची असेल तरच घ्या.

यंत्रांच्या तपासण्यांत सगळ्यात कामाची आणि सगळ्यात जास्त बिघडवली जाणारी म्हणजे व्हीएनजी. इन्फ्रारेड कॅमेऱ्याचा गॉगल लावून अंधारात बुबुळांची हालचाल टिपतात. काजळ किंवा मस्कारा असला की कॅमेरा तो काळा ठिपकाच बाहुली समजतो आणि आलेख वेडावाकडा येतो. यातच कॅलरिक तपासणी असते. प्रत्येक कानात 30 आणि 44 अंश सेल्सिअसचं पाणी आळीपाळीने सोडतात. दोन कानांच्या प्रतिसादात साधारण 25 टक्क्यांहून जास्त फरक आला तर एक बाजू कमजोर मानतात. पण कानात मळ असेल तर पाण्याची ऊब आत पोहोचत नाही आणि धडधाकट कान कमजोर दिसतो, म्हणून आधी कान तपासून साफ करायलाच हवा. पडद्याला छिद्र असेल तर पाणी चालत नाही, ते आधीच सांगा. पाणी सोडल्यावर तंत्रज्ञाने पेशंटला उलटे आकडे म्हणायला किंवा गावांची नावं सांगायला लावलं पाहिजे. मन सुस्तावलं की डोळ्यांची हालचाल दबते. ही बडबड न करून घेणाऱ्या ठिकाणचा रिपोर्ट मी अर्धाच धरेन.

गोळ्यांचंही तसंच. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांसारख्या चक्कर दाबणाऱ्या गोळ्या साधारण 48 तास आधी थांबवायला सांगतात. बीपी, शुगर, फिटच्या गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत आणि झोपेच्या गोळ्या मनाने एकदम सोडायच्या नाहीत. अपॉइंटमेंट देताना ही यादी जे क्लिनिक देत नाही, तिथे तपासणीही घाईतच होणार.

व्हीएचआयटीमध्ये डोकं अचानक थोडंसं झटकतात आणि नजर समोरच्या खुणेवर टिकते का ते बघतात. आतल्या कानातल्या आडव्या नलिकांसाठी गेन (डोक्याच्या वेगाच्या तुलनेत डोळ्यांचा वेग) 0.8 च्या खाली गेला आणि सोबत नजर सावरणारे झटकेही दिसले, तर त्याला अर्थ आहे. गॉगलचा पट्टा सैल असेल तर आकडे भलतेच येतात, तेव्हा पट्टा टोचेल इतका घट्ट हवा.

आता सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा भाग: डिक्स-हॉलपाइक. मान 45 अंश वळवून पेशंटला झटकन आडवं करायचं, डोकं टेबलाच्या कडेखाली थोडं झुकवायचं आणि डोळे बघायचे. याला साधं टेबल पुरतं, फिरती खुर्ची बंधनकारक नाही. कुशीवर वळताना काही सेकंद गरगरत असेल तर आतल्या कानातले सूक्ष्म खडे सरकलेत का हे इथेच कळतं आणि एप्ली (डोकं ठरावीक क्रमाने वळवून खडे जागेवर नेण्याची कृती) करून बहुतेकदा तिथेच सुटतं.

यंत्राआधी डॉक्टरांनी सविस्तर विचारपूस केली का, यावर खरे गुण द्यावेत. चक्कर किती वेळ टिकते आणि कशाने सुरू होते, यातच अर्धं निदान असतं. कानात आवाज, कमी ऐकू येणं आणि 20 मिनिटं ते 12 तासांचे झटके असतील तर मेनिएर, म्हणजे आतल्या कानाचा आजार. 5 मिनिटं ते 72 तास, सोबत डोकेदुखी किंवा उजेड सहन न होणं असेल तर व्हेस्टिब्युलर मायग्रेन. तीन महिन्यांहून जास्त, बहुतेक दिवस डुलल्यासारखं, उभं राहिलं की किंवा गर्दीच्या बाजारात वाढणारं असेल तर पीपीपीडी, म्हणजे दीर्घकाळ टिकणारी, तोलाच्या कामात बिघाड झाल्याने येणारी चक्कर. तिचे निकष 2017 मध्ये ठरले. शेवटच्या दोन्हींत पॅकेजचा रिपोर्ट बऱ्याचदा नॉर्मल येतो. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ म्हणून हातात कागद ठेवला तर निदान झालेलंच नाही.

आडवं आणि उभं राहून बीपी-नाडी मोजणं पॅकेजमध्ये क्वचितच दिसतं. मागून घ्या. पाच मिनिटं पडून, मग उभं राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर शोध कानाबाहेर न्यायचा.

अचानक चक्कर येऊन दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं, उभंच राहता न येणं असेल तर पॅकेज विसरा आणि थेट इस्पितळाचा आपत्कालीन विभाग गाठा.

शेवटी हातात महिनोन्‌महिन्यांची सिनारिझिन पडत असेल तर कारण विचारा. ती दीर्घकाळ घेतल्यास, विशेषतः वयस्कांत, पार्किन्सनसारखी थरथर आणि ताठरपणा येऊ शकतो, शिवाय मेंदूचं स्वतःहून तोल सावरणंही मंदावतं. आणि फक्त निष्कर्षाचं पान घेऊन निघू नका. मूळ आलेख आणि डोळ्यांचे व्हिडिओही मागून घ्या, म्हणजे पुढच्या डॉक्टरांकडे तीच तपासणी पुन्हा पैसे देऊन करावी लागणार नाही.